१२ जुलै : एक तारीख, चार गोष्टी
(जुलैच्या सभेसाठी अभ्यासपान)



जुलैच्या सभेत दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं, "या महिन्यात बचत कुठून आणू गं?" खरंच आहे ते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, बोंबील वाळवायचे बांबू रिकामे. आगोटीला भरून ठेवलेलं तांदूळ-मीठ-सुकं यावर घर चाललेलं. त्यातच शाळेचा खर्च, कुणाचं दुखणंखुपणं. म्हणून या वेळचा अभ्यास जुलैमधल्याच एका तारखेचा घेतला आहे. १२ जुलै या एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी चार मोठ्या गोष्टी घडल्या. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि प्रत्येक गोष्टीनंतर दिलेल्या प्रश्नावर पाच मिनिटं बोलायचं.

पहिली गोष्ट : १२ जुलै १६६०, पन्हाळा

शिवाजी महाराज पन्हाळगडावर अडकले होते. आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने चार महिने गडाला वेढा घातला होता. पावसाळा लागला की वेढा ढिला पडेल असं वाटलं होतं, पण सिद्दी पावसातही हलला नाही. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा मोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. मुलगा अडकला म्हणून जिजाबाई स्वतः लढायला निघाल्या होत्या, असं वर्णन 'शिवभारत' या जुन्या ग्रंथात आहे.

शेवटी १२ जुलैच्या रात्री, धो धो पावसात, महाराज निवडक मावळे घेऊन गडावरून निसटले. विशाळगड तिथून सुमारे ६० किलोमीटर. वाटेत चिखल, काटेरी रान आणि पाठीवर शत्रू. शत्रूला चुकवायला दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले. ते नाभिक समाजातले, दिसायला महाराजांसारखे होते असं सांगतात. ते पकडले गेले आणि जिवाला मुकले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी शत्रूला अडवून धरलं आणि महाराज विशाळगडावर पोचले. बाजीप्रभू तिथेच पडले. त्या खिंडीला पुढे पावनखिंड म्हणू लागले.

आपल्या गावालाही वेढे आणि लढाया नवीन नाहीत. चौकजवळचा धारावी किल्ला १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतला. त्याचे अवशेष आपण येता-जाता बघतो.

आता एक लक्षात घ्या. पाऊस पडला म्हणून महाराज सुटले नाहीत. कुठल्या वाटेने जायचं, दुसऱ्या पालखीत कोण बसणार, खिंडीत कोण थांबणार, ही कामं आधी वाटली नसती तर तोच पाऊस त्यांच्यावर उलटला असता.

प्रश्न : आपल्या गटात अचानक अडचण आली, समजा रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर कोण काय करणार हे आधी ठरलेलं आहे का? पैसे कोण काढणार? सह्या कुणाच्या लागतात? सही करणाऱ्या दोघींपैकी एक माहेरी गेली असेल तर काय?

दुसरी गोष्ट : १२ जुलै १९६१, पुणे

पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेत धरण बांधत होते. काम पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीचं कामही अर्धवट होतं. तरी त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिलं. पाऊस जोरात आला आणि मातीचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खालचं जुनं खडकवासला धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पूल पाण्याखाली गेले, वाडेच्या वाडे कोसळले. जवानांनी ती रात्र काढली नसती आणि धरण अंधारात फुटलं असतं, तर माणसं झोपेतच वाहून गेली असती.

हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल उरला. भांडी, धान्य, कपडे गेलेच, पण कागदही गेले. घराचे कागद, दागिन्यांच्या पावत्या, वह्या, सगळं. मदत मागायला गेलं की कागद विचारतात, आणि कागदच नसले तर आपलं आपल्याला सिद्ध करावं लागतं. ही गोष्ट समुद्राकाठच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

एका गटाचं मागच्या पावसाळ्यात काय झालं ते सांगते, गटाचं नाव नको. वहीची पिशवी खिडकीजवळ टांगलेली होती. रात्री पाणी आत आलं आणि तीन महिन्यांच्या नोंदींची शाई पसरली. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पण "मी जूनचे भरले" आणि "नाही, तू भरले नाहीस" यावरून सख्ख्या शेजारणी दोन महिने बोलत नव्हत्या. शेवटी पासबुक आणि एका ताईने मोबाइलवर काढून ठेवलेला वहीचा फोटो, यावरून हिशोब जुळला. तो फोटो नसता तर गट मोडला असता.

प्रश्न : आपल्या वह्या, पासबुक, ठरावाचं रजिस्टर कुठे ठेवतो? जमिनीपासून किती उंच? वहीच्या पानांचा फोटो निदान तिघींच्या मोबाइलमध्ये आहे का?

तिसरी गोष्ट : १२ जुलै १९८२, नाबार्ड

राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, या दिवशी सुरू झाली. मुख्य कार्यालय मुंबईत. ही बँक तुमच्या-माझ्या नावाने खातं उघडत नाही. ती बँकांना पैसा पुरवते आणि गावाकडे कर्ज कसं पोचेल ते बघते.

आपल्याशी तिचा संबंध १९९२ पासून. तोवर बँकेच्या दारात गरीब बाई गेली की विचारत, तारण काय? जमीन नवऱ्याच्या नावावर, होडी सासऱ्याच्या नावावर. बाईकडे दाखवायला काहीच नाही. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला. त्यात तारण न मागता गटाला कर्ज द्यायचं ठरलं. तारणाच्या जागी काय बघायचं? गट नियमित भेटतो का, बचत करतो का, आपसात कर्ज देतो-घेतो का, वेळेवर फेडतो का, हिशोब लिहितो का. हीच आपली पंचसूत्री. आपण ती पाठ म्हणतो, पण ती कुठून आली ते विसरतो. जमीन नसलेल्या बाईचा हाच सातबारा आहे.

आता बंदीच्या महिन्यांचा हिशोब मांडून बघू. समजा एका ताईला जूनमध्ये ५,००० रुपये लागले. सावकाराने महिना १० टक्के लावले, तर दोन महिन्यांचं व्याज १,००० रुपये. तेच गटातून महिना २ टक्क्यांनी घेतले, तर २०० रुपये. ८०० रुपये तिच्या घरात राहिले आणि ते २०० रुपयेसुद्धा गटाच्याच पेटीत आले. पण गटात पैसे असतील तरच हे जमतं. दहा जणींनी महिना २०० रुपये टाकले तर वर्षाला २४,००० जमतात. ते मेपर्यंत सगळे मोठ्या कर्जात वाटून टाकले, तर जूनमध्ये पेटी रिकामी आणि ताई पुन्हा सावकाराच्या दारात.

प्रश्न : पुढच्या वर्षी मेच्या सभेत थोडी रक्कम बंदीच्या काळासाठी बाजूला ठेवायची का? किती? कुणाला आधी द्यायची? दुखण्याला, शाळेला की जाळ्याच्या दुरुस्तीला?

चौथी गोष्ट : १२ जुलै १९९७, स्वात

पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात मिंगोरा गावात या दिवशी मलाला युसुफझाई जन्मली. तिथे तालिबानने मुलींची शाळा बंद करायला लावली, तेव्हा ती शिक्षणाबद्दल उघड बोलू लागली. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेतून घरी येताना गाडीत शिरून तिच्यावर गोळी झाडली. ती वाचली. २०१३ मध्ये, १६ व्या वाढदिवशी, ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत उभी राहून मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलली. २०१४ मध्ये, १७ व्या वर्षी, तिला भारताच्या कैलाश सत्यार्थी यांच्यासोबत शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे मुलीला शाळेत जाऊ नको म्हणून कुणी बंदूक घेऊन येत नाही. आपल्याकडे ते हळूच होतं. जुलैत पैसे नसतात, मग "भावाची फी आधी भरू, तुझं पुढच्या महिन्यात बघू." मग "घरी धाकट्याला सांभाळ." मग ऑगस्टमध्ये होड्या जातात, मासळी येते, निवडायला, सुकवायला हात लागतात. दिवाळीपर्यंत पोरीचं नाव हजेरीपटावर उरतं, पोर वर्गात नसते. कुणी ठरवून बंद केलेलं नसतं, म्हणून कुणाला थांबवताही येत नाही.

प्रश्न : आपल्या गटातल्या घरांत सहावी ते बारावीच्या किती मुली आहेत? या जुलैत कुणाची फी, पास किंवा पुस्तकं अडली आहेत का? नाव मोठ्याने घ्यायचं नसेल तर सभेनंतर अध्यक्षताईंना सांगा.

या सभेत करायची चार कामं

१. अडचणीच्या वेळी कोण काय करणार, याची नावं ठरावाच्या रजिस्टरात लिहा. सही करणारी गावात नसेल तर काय, तेही लिहा.
२. वह्या आणि पासबुक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवा. सभा संपली की त्या दिवसाच्या पानाचा फोटो तिघींनी काढायचा.
३. पुढच्या वर्षीच्या बंदीसाठी राखीव रक्कम ठरवा. आकडा लहान चालेल, पण ठराव लिहिलेला हवा.
४. शाळेचं अडलेल्या मुलींची यादी करा. गटातून जमेल ते बघा, बाकीची नावं मला द्या. महासंघाच्या पुढच्या बैठकीत आपण ती मांडू.

नारळी पौर्णिमा झाली की सगळ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. हे बोलायला जुलैइतका निवांत महिना नाही. ऑगस्टमध्ये गटागटांत येईन, तेव्हा पहिल्यांदा वहीची पिशवी बघायला मागणार आहे.