पालिकेला प्रश्न कोणी विचारावा?

गल्लीतील दिवा विझला की आपण पालिकेला दोष देतो. पण पालिकेवर देखरेख कोणाची? आपले वडगाव बेळगाव महानगरपालिकेत मोडते. तिच्यात ५८ लोकनियुक्त नगरसेवक असतात. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका अधिनियमानुसार त्यांच्यातून चार स्थायी समित्या निवडल्या जातात : कर, वित्त व अपील, आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय, नगररचना व सुधारणा, आणि लेखा.

पालिकेच्या गाळ्याचे भाडे थकले, तर पहिलीने जाब विचारावा. कचरा साचला, तर दुसरीने. रस्त्यांची आखणी तिसरीने पाहावी. खर्चाचा पैन्‌पै हिशेब चौथीने तपासावा. थकलेल्या भाड्यापायीच कधी आपला दिवा विझतो, कारण तो गाळा तुमच्या-आमच्या मालकीचा आहे.

समितीने अधिकाऱ्यांना विचारावे. समितीला मात्र उद्याच्या मतदारांनी, म्हणजे तुम्हीच, विचारावयाचे आहे.