दसरा-दिवाळीला टेबलावर फुलं मांडताना

पोरी, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुझ्याकडे माणसांची ये-जा राहणार, आणि जेवणाच्या टेबलावर फुलं हवीतच असा तुझा हट्ट. हट्ट छान आहे. फक्त बाजारातून आल्या आल्या फुलदाणी भरायची घाई करतेस ना, ती जरा आवर आणि एवढं ऐकून घे.

१. दादरच्या फूलबाजारात पहाटेच जा आणि फुलाआधी देठ बघ — टोक काळं, बुळबुळीत असेल तर माल शिळा. देठ खरं बोलतं, पाकळी गोड बोलते.

२. घरी आल्यावर देठ धारदार सुरीने तिरके काप आणि फुलं दोन तास बादलीत, सावलीत उभी ठेव — ऑक्टोबरच्या उन्हातून तहानलेलं आलेलं फूल तसंच मांडलं, तर पाहुणे यायच्या आत मान टाकतं.

३. मांडण्याआधी प्रत्येक फूल उलटं धरून हलकेच झटक — शेवंतीच्या पाकळ्यांत मुंग्या आणि बारीक किडे दडून बसतात, आणि ते बरोबर श्रीखंडाच्या वाटीजवळ बाहेर येतात.

४. पाण्यात बुडणारं एकूण एक पान काढून टाक — पानं कुजली की पाण्यात जंतू वाढतात, देठांची तोंडं बुजतात आणि वास थेट वरणभातापर्यंत पोचतो.

५. टेबलावर कोपर टेकवून मूठ उभी धर. तिच्या वर एकही फूल जाऊ देऊ नकोस — समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर गप्पा कशा रंगणार? फूल बसलेलं बरं, माणूस दिसलेला बरा.

६. माळांचा झेंडू किलोवर, देठाशिवायच मिळतो. तो उथळ पितळी परातीत पाण्यावर दाटीवाटीने सोड — फुलं एकमेकांना धरून सरळ राहतात, आणि मूठभर आपट्याची पानं कडेने लावलीस की दसरा साजरा.

७. फुलदाणीसाठी शेवंती घे, पण लांब देठाची मागून — दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते, म्हणून याच दिवसांत भरात असते, आणि निगा राखलीस तर आठवडाभर सहज टिकते.

८. भांड्याचं तोंड मोठं असेल तर त्यावर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावून जाळी कर — देठ जागच्या जागी उभे राहतात आणि कमी फुलांत रचना भरलेली दिसते.

९. गुलछडी बैठकीच्या खोलीत ठेव, जेवणाच्या टेबलावर नको — रात्री तिचा वास चढतो, आणि तू निगुतीने केलेल्या मसालेभाताचा घमघमाट कुणाला कळतच नाही.

१०. कण्हेर कितीही सुरेख दिसली तरी खाण्यापिण्याजवळ आणू नकोस — तिचं पान, फूल, देठ सगळंच विषारी, आणि लहान मुलांचे हात कुठेही पोचतात.

११. सीताफळं आणि केळी फुलांपासून लांब ठेव — पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने बरीचशी फुलं लवकर कोमेजतात.

१२. भाताच्या लोंब्या आणि कोंबडा फुलाचे लाल तुरे उलटे टांगून वाळव, आणि पाण्याविना वेगळ्या भांड्यात ठेव — ओली लोंबी बुरशी धरते, वाळलेली मात्र दिवाळीनंतरही टेबल सजवते.

१३. साताऱ्याकडे गेलीस तर कास पठारावरची सोनकी डोळे भरून बघ, तोडू नकोस — कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आज तोडलेल्या फुलाला उद्या बी धरत नाही.

१४. पाणी रोज बदल, भांडं आतून घास, देठ बोटाच्या पेराएवढे पुन्हा काप — नुसती वरून भर घातलीस तर जुनी घाण तळाशी तशीच राहते. पाणी शिळं, फूल खुळं.

यातलं सगळं पहिल्याच दसऱ्याला जमलं पाहिजे असं नाही. शेवटचं तेवढं न चुकता कर. रोज ताजं पाणी मिळालं तर दहा रुपयांची शेवंतीही महागड्या गुच्छापेक्षा जास्त दिवस टिकते.