डिप्रेशन अंगावर काढू नका

गणपतीपुळ्याला लोक मनःशांतीसाठी येतात. दर्शन, डोंगराची प्रदक्षिणा, समोर समुद्र. आम्ही घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, मोदकांच्या ऑर्डरी घेतो. अशा गावात राहणारीला डिप्रेशन कसं होईल, असं सगळ्यांना वाटायचं. मला ते झालं, आणि उपचारांनी मी बरी झाले. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात रडण्यानं झाली नाही. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. अन्नाची चव गेली. मोदकाच्या कळ्या पाडताना हात जड व्हायचे, पाहुण्यांचा हिशेब चुकायचा. आपलं घरादाराला ओझं झालंय, असं दिवसभर वाटायचं. सकाळी उठवत नसे, संध्याकाळी जरा बरं वाटे. त्यामुळे घरच्यांना तो आळस वाटला. सकाळी जास्त त्रास होणं हे या आजाराचंच एक लक्षण असू शकतं, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं.

देवापुढे गाऱ्हाणं घालून झालं, ‘मन खंबीर कर’ हे ऐकून झालं. डॉक्टरांचं नाव निघालं की घरात एकच वाक्य यायचं : ‘रत्नागिरीला नेण्याएवढं काय झालंय?’ त्याचा अर्थ कोकणात कुणाला सांगावा लागत नाही. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. त्याच्या नावाच्या धाकानं कितीतरी लोक दुखणं लपवतात. खरं तर तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे, आणि डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. तपासून घ्यायचं, औषध घेऊन घरी यायचं.

शेवटी मी तपासायला गेले. डॉक्टरांनी आधी नीट विचारपूस केली. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानंही असंच गळून जायला होतं. पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहात, वारेमाप खर्च करत दिवस गेलेत का, हेही विचारलं. तसं झालं असेल तर जरूर सांगा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचं औषधही वेगळं असतं.

डिप्रेशनची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी लगेच लागू पडत नाही. पहिल्या दिवसांत मळमळ होऊ शकते, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. माझी आधी झोप सुधारली, मग भूक, मन सर्वांत शेवटी. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. बरं झाल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या असतात. सोबत समुपदेशन मिळालं तर फार उपयोग होतो. आजार सौम्य असेल तर कधी तेवढ्यावरही भागतं. देवाला जायचं तर अवश्य जा, पण गोळी चुकवू नका.

घरच्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. माणूस ‘मी नसलेलाच बरा’ असं म्हणू लागला तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. आंब्याच्या फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखाना गाठा.

उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवडे रोज टिकलं आणि त्यासोबत झोप, भूक, कामधाम बिघडलं, तर वाट पाहू नका. गणपतीपुळ्याला मालगुंडचं प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे. तिथे लक्षणं सांगा, पुढे पाठवलं तर जा. आजाऱ्याला त्या अवस्थेत नंबर लावणं, एस.टी.त बसणंही झेपत नाही. तेवढं काम घरच्यांनी उचला, आणि दर तपासणीला सोबत जा.