कांद्याची प्रतवारी जमते, मग ऑपरेटिंग सिस्टीमची का नाही?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचं झाड काढलं, पण ते घाईत झालं. म्हणून इथे सावकाश बघू. वही-पेन घेऊन बसा, शेवटी आपल्याच दुकानाचं एक रजिस्टर करायचंय.

सुरुवात एका नुकसानीपासून करतो. आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी सातपूरला ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि प्रिंटचं सेंटर टाकलं. भांडवल वाचवायला पाच जुने, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतले. प्रत्येकी साडेचौदा हजार, म्हणजे ७२,५०० रुपये. विकणारा म्हणाला, "सगळ्यांवर विंडोज ११ आहे, एकदम लेटेस्ट." आणि खरंच होतं! पण पुढे विंडोजचं वर्षाचं मोठं अपडेट दोघांवर आलं आणि तिघांवर येईचना. ताईंचा प्रश्न साधा होता: "सर, पाचही सारखेच दिसतात. नावही तेच लिहिलंय. मग फरक कुठे आहे?"

फरक नावात नाही, प्रतवारीत आहे. आणि प्रतवारी आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. लासलगावला बाजार समितीत ट्रॅक्टर उभा राहिला की कुणी नुसतं "कांदा आहे" म्हणून बोली लावतं का? हा लाल, हा रांगडा, हा उन्हाळ, ही झाली हंगामाची प्रतवारी. ही गोल्टी, हा मोठा माल, ही झाली आकाराची. ज्याला चाळीत साठवायचाय तो आधी हंगाम विचारतो, कारण उन्हाळ टिकतो, लाल टिकत नाही. हॉटेलवाला आकार बघतो. ढीग एकच, पण वर्गवारी कशी करायची हे घेणाऱ्याच्या प्रश्नावर ठरतं.

ऑपरेटिंग सिस्टीमचंही (पुढे नुसतं ओएस म्हणतो) हेच आहे. इंटरनेटवर शेकडो नावांच्या याद्या मिळतील. त्या पाठ करून काही उपयोग नाही. आपण चार प्रश्न विचारायचे: घराणं कुठलं, बसलंय कुठे, मुदत कधीपर्यंत आणि परवाना कसला.

घराणं

एक जुनं घराणं युनिक्सचं. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केलं. त्याच्या बीएसडी नावाच्या शाखेतून पुढे ॲपलने बरंच घेतलं, त्यामुळे मॅकओएस आणि आयफोनचं आयओएस या बाजूचे. लिनक्स हे युनिक्सचं पोर नाही, पण त्याच्याच चालीवर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने नव्याने लिहिलेलं आहे. उबुंटू, डेबियन, मिंट, रेड हॅट ही सगळी त्यावर उभी आहेत. आणि लक्षात घ्या, तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. क्रोमबुक पण. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचं कायओएस पण. एकाच इंजिनावर पॅसेंजर रिक्षा निघते आणि मालवाहू टेम्पोही, तसं. पण इंजिन एक म्हणून रिक्षाचा हूड टेम्पोला बसत नाही. अँड्रॉइडचं ॲप उबुंटूवर आपोआप चालत नाही ते म्हणूनच.

विंडोजचं प्रकरण जरा गमतीचं आहे. नाव एक, घराणी दोन! विंडोज ९५, ९८ आणि एमई ही डॉसच्या घरातली. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटी नावाचं वेगळं घर बांधलं आणि २००१ च्या एक्सपीपासून घरगुती ग्राहकालाही त्यात आणून बसवलं. आजचं ११ हे एनटीच्या घरातलं. डॉसचं घराणं संपलं.

"सर, हा इतिहास आमच्या काय कामाचा?" असं वाटत असेल तर जुन्या किराणा किंवा मेडिकल दुकानात जाऊन बघा. पंचवीस वर्षांपूर्वी कुणाकडून तरी बनवून घेतलेलं, काळ्या पडद्यावरचं डॉसचं बिलिंग अजून काही ठिकाणी चालू आहे. मालकाचा हात बसलाय, माऊसही लागत नाही. तो नवा संगणक घेतो आणि ते बिलिंग उघडतच नाही. कारण डॉसचे हे जुने प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही. ज्याला हे माहिती आहे तो डॉसबॉक्ससारख्या मोफत साधनात ते चालवून बघतो आणि सावकाश डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायचं काम घेतो. दुरुस्तीचा धंदा करायचा विचार असेल तर हे काम आहे बघा. डोकं लागतं, पार्ट लागत नाहीत.

लग्नपत्रिका आणि हँडबिलवाल्यांचंही तसंच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, २००१ ची. पण तिच्यात केलेल्या, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधल्या फाइलींचा गठ्ठा आजही कपाटात असतो. तिथे "जुनं पीसी फेकून द्या" हा सल्ला देऊ नका. ते पीसी नेटपासून तोडा, फाइलींची प्रत काढा आणि नवी कामं युनिकोडमध्ये दुसऱ्या मशीनवर सुरू करा.

एक प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो: "सर, स्वदेशी ओएस कुठल्या घराण्यात?" चांगला प्रश्न आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलं, ते डेबियनवर आधारलेलं आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या मायाओएसची बातमी आली, ते उबुंटूवर. त्याच वर्षी आयआयटी मद्रासशी संबंधित भारओएस जाहीर झालं, ते अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर. यात कमीपणा काही नाही. उबुंटू स्वतःही डेबियनवरच उभं आहे. पण 'स्वदेशी' हे लेबल ते कुणी जुळवलं ते सांगतं, घराणं सांगत नाही. आणि तुमचा प्रिंटर चालेल की नाही हे घराण्यावर ठरतं.

बसलंय कुठे

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. दुकानात संगणक किती, असं विचारलं की उत्तर येतं, "एक". मग मी मोजून दाखवतो. काउंटरचा पीसी. मालकाचा फोन. कार्ड घासायचं मशीन, त्यातली बरीचशी आता अँड्रॉइडवर चालतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आत बहुतेक वेळा छोटं लिनक्स. वायफायचा राउटर, तेच. झाले ना पाच?

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी दोन ओळी जास्त. काही जुन्या सीएनसी मशीनच्या पडद्यामागे विंडोज एनटी किंवा एक्सपी असतं. टूल हलवण्याचं काम मात्र ते करत नाही, ते वेगळ्या रिअल-टाइम भागाकडे असतं. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असा अर्थ काढू नका. ठरलेल्या वेळेत हुकूम पाळणारच, असा अर्थ. तुमच्या लॅपटॉपवर फाइल दोन सेकंद उशिरा उघडली तर चहाचा घोट घेता येतो, पण स्पिंडल दोन सेकंद उशिरा थांबून चालत नाही. अशा मशीनचं विंडोज बदलायच्या भानगडीत स्वतः पडायचं नाही, ते मशीनवाल्या कंपनीचं काम. आपण एवढंच करायचं की ते ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेटला जोडायचं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो अपडेट न केलेल्या विंडोजमधल्या फटीतून, नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत होता.

मुदत

मेडिकलवाला गोळीची स्ट्रिप हातात घेतली की आधी एक्स्पायरी बघतो. ओएसलाही तारीख असते. त्या तारखेनंतर ते बंद पडत नाही, तिथेच फसगत होते. चालू राहतं, फक्त फटी बुजवायला कुणी येत नाही.

लिहून घ्या. एक्सपी: ८ एप्रिल २०१४. विंडोज ७: १४ जानेवारी २०२०. विंडोज ८.१: १० जानेवारी २०२३. विंडोज १०: १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट जाहीर झाले. पण ती सवलत म्हणजे नवं मशीन घ्यायला मिळालेला वेळ आहे, त्यावर नवा धंदा उभा करू नका. उबुंटूच्या एलटीएस आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षं साधे सुरक्षा अपडेट मिळतात.

इथेही नावाने फसू नका. विंडोज १० च्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ या आवृत्तीची मुदत जानेवारी २०३२ पर्यंत आहे. ती यंत्रांमध्ये बसवायला कंपन्यांना दिली जाते. आता हे ऐकून कुणीतरी तुम्हाला "एलटीएससी टाकून देतो, चारशे रुपये" म्हणेल. तो माणूस मुदत विकत नाहीये, दुसऱ्याचा परवाना विकतोय.

परवाना

यावर फार बोलत नाही, वेगळा व्हिडिओ आहे. एवढंच लक्षात ठेवा: मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मशीनलाच चिकटलेला असतो, दुसऱ्यावर नेता येत नाही. रिटेल परवाना नेता येतो. आणि लिनक्स मोफत मिळतं ते चोरीचं म्हणून नाही, त्याचा परवानाच तसा आहे. बँकेत कर्जाच्या फाइलला मशीनचं बिल लावता, त्यात सॉफ्टवेअरही बिलावर दिसलं पाहिजे.

आता रजिस्टर

एक वही घ्या किंवा शीट करा. एका ओळीत एक यंत्र: कुठे आहे, काय काम करतं, ओएसचं नाव आणि आवृत्ती, घराणं, मुदतीची तारीख, परवान्याचा प्रकार. विंडोजची आवृत्ती बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबून इंग्रजीत 'विनव्हर' टाइप करा. फोनवर सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख दिसते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर धंद्याचं यूपीआय ठेवायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आणि एक रकाना माझा आवडता: "हे याच ओएसवर का?" इथे खरं उत्तर लिहा. "टॅली चालते म्हणून", "अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे म्हणून", "पेजमेकरच्या जुन्या फाइली म्हणून". ज्या ओळीत उत्तर सुचत नाही, ते मशीन बदलायला मोकळं आहे.

ताईंच्या पाच लॅपटॉपचं आम्ही हेच केलं. इंटेलच्या प्रोसेसरचा क्रमांक वाचला. आय-५ नंतरच्या आकड्यांची सुरुवात पिढी सांगते: ६२००यू म्हणजे सहावी, ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. १०३५जी१ असं असेल तर चार आकडे बघून पहिली पिढी समजू नका, तोही दहाव्यातला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. (एएमडीला हा हिशोब लावू नका, मायक्रोसॉफ्टच्या यादीत मॉडेल शोधा.) ताईंचे दोन आठव्या पिढीचे निघाले, तीन सहाव्या. तिघांवर तपासणी चुकवून ११ चढवलेलं होतं. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. बिलावर फक्त "लॅपटॉप, विंडोजसह" लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मग रकाना भरला. आठव्या पिढीचे दोन काउंटरला: एकावर टॅली, दुसऱ्यावर अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन. ही यंत्रं लिनक्सवर चालतीलच असं धरून चालायचं नसतं. उरलेल्या तिघांचं काम काय? गिऱ्हाईक बसून ब्राउझरमध्ये फॉर्म भरणार, बस. तिथे लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, दिवसभर चालवून बघितलं. दोघांवर वायफाय, मराठी टायपिंग, स्कॅनर सगळं लागलं, म्हणून ते बसवलं. तिसऱ्यावर वायफाय काही केल्या धरेना, तो ताईंनी घरी मुलाला अभ्यासाला दिला. त्या खरेदीतले साडेचौदा हजार धंद्याच्या हिशोबातून गेले.

गेल्या महिन्यात त्यांनी सहावा लॅपटॉप घेतला. दुकानदाराला बिलावर हे लिहायला लावलं: "प्रोसेसर आय-५ ८३६५यू, टीपीएम २.० चालू, विंडोज ११ प्रो, ओईएम परवाना, मायक्रोसॉफ्टच्या सुसंगत यादीत आहे, नसल्यास १५ दिवसांत परत." तो जरा कुरकुरला. ताई उठून शेजारच्या दुकानाकडे निघाल्या, तेव्हा लिहून दिलं.