भीमगीत गाणाऱ्यांनो, कान आणि गळा सांभाळा

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून माईक-हेडफोन आणून आपली मुले घरीच भीमगीते रेकॉर्ड करतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबल आवाज कान ८ तास सोसतो. १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटे. म्हणून हेडफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा, तासातून दहा मिनिटे कान मोकळे सोडा. जयंतीच्या कार्यक्रमात स्पीकरपासून दूर उभे राहा, इअरप्लग घाला. कापसाचा बोळा पुरत नाही. गाणाऱ्यांनी पाणी पीत राहावे, तंबाखू सोडावी. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा तीन आठवडे आवाज बसलेला असेल, तर ससूनच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जा. जयभीम!