इन्स्क्रिप्ट कळफलक आणि मराठीची वर्णव्यवस्था

वर्णविचाराच्या घटकात आपण स्पर्शव्यंजनांचे वर्ग अभ्यासले. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावे परीक्षेपुरती पाठ करावयाची असतात, असा पुष्कळांचा समज असतो. संगणकावर मराठी लिहिताना मात्र हेच वर्गीकरण आपल्या बोटांखाली असते.

भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात इन्स्क्रिप्ट या कळफलकाची रचना दिलेली आहे. त्यात स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. आता मधली ओळ पाहा. इंग्रजी ‘एच’च्या कळीवर प, ‘के’वर क, ‘एल’वर त आणि त्यापुढे च व ट आहेत. ही सर्व अघोष अल्पप्राण व्यंजने होत. प्रत्येकाच्या लगेच वर, किंचित डावीकडे, त्याच वर्गातील घोष व्यंजन बसविलेले आहे : पच्या वर ब, कच्या वर ग, तच्या वर द, चच्या वर ज, टच्या वर ड. शिफ्ट दाबली की महाप्राण मिळतो. कचा ख होतो, गचा घ. म्हणजे वर्गातील चार व्यंजनांना दोनच कळी पुरतात.

अनुनासिकांपाशी ही शिस्त विस्कटते. ण हा मच्या कळीवर शिफ्टसह मिळतो, ङ हच्या कळीवर. त्यांना वर्णमालेतील जागा देता आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट उच्चारक्रमाची. जुन्या टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे असते. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. येथे डोळ्याला दिसणारा क्रम सोडून कानाला ऐकू येणारा क्रम स्वीकारला आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला तोच अधिक जवळचा वाटावा.

मराठीच्या दृष्टीने ‘जे’ची कळ विशेष महत्त्वाची आहे. तीवर र आहे, शिफ्टसह ऱ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. पहिल्यासाठी द, र, हलन्त, य, काना असा क्रम. दुसऱ्यात रच्या जागी ऱ, इतकाच फरक. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असल्यास हा भेद हातून सहज निसटतो, कारण रोमन लेखनात दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. आपल्या प्रकल्पलेखनात ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ असे उमटले, तर मान स्वयंपाक्याला मिळेल!

स्वयं-अध्ययन : ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या शब्दांसाठी कळी कोणत्या क्रमाने दाबाव्या लागतील ते लिहा. नंतर संगणकावर पडताळून पाहा. (हलन्त ‘डी’च्या कळीवर आहे, आरंभीच्या आसाठी शिफ्टसह ‘ई’ दाबावी.)