डोळस आकाशदर्शन

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसले. मी तेव्हा आठवीत होते. आजीने दारे-खिडक्या लावून आम्हां भावंडांना घरात बसवले. परंतु माझा मामेभाऊ तिची नजर चुकवून गच्चीवर गेला. हाताशी जुनी एक्स-रे फिल्म होती. ती डोळ्यांसमोर धरून त्याने बराच वेळ ग्रहण पाहिले. डोळा दुखला नाही, म्हणून तो निर्धास्त होता. संध्याकाळी पुस्तक उघडून पाहतो तो शब्दाच्या मधोमध करडा ठिपका! तो अजूनही पुरता गेलेला नाही.

या प्रसंगाने मी आकाशाचा धसकाच घेतला. म्हणूनच गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या आग्रहाने गावातील आकाशनिरीक्षण मंडळात गेले ते जरा बिचकतच. अशा हौशी मंडळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीला तेथे कोण विचारणार, असे वाटले होते. पण तेथे ना कोणी गणित विचारले, ना दुर्बीण आणायला सांगितले. पहिला धडा मिळाला तो डोळे सांभाळण्याचा.

डोळ्याच्या आतील पडद्याला वेदना कळत नाही. सूर्याचा प्रकाश तो भाजून काढतो, तेव्हा माणसाला पत्ताही लागत नाही. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच वा साधा गॉगल यांतून सूर्य मंद दिसला, तरी अपायकारक किरण पुरेसे अडत नाहीत. त्यासाठी प्रमाणित सौरचष्माच हवा, आणि तो ओरखडा न पडलेला. दुर्बिणीला सौरगाळणी लावायची ती पुढच्या, सूर्याकडच्या टोकाला. डोळ्याजवळच्या भिंगावरची गाळणी एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते. सौरचष्मा घालून दुर्बिणीतून पाहणेही तितकेच घातक.

सर्वांत सोपा मार्ग सूर्याकडे पाठ करण्याचा. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडावे आणि त्यातून येणारे सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर घ्यावे. गव्हाची चाळण उन्हात धरली, तर ग्रहणाच्या वेळी जमिनीवर एकाच वेळी कितीतरी चंद्रकोरी उमटतात!

रात्रीचे शिक्षण निराळे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. क्षणभर मोबाईल पाहिला की ती तपश्चर्या वाया! म्हणून बॅटरीला तांबडा कागद गुंडाळलेला. एकट्याने जायचे नाही, पायांत बूट हवेत आणि पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहायची, हेही नियम होते. पूर्वेला मृग वर येत होता. मंडळातल्या एका काकांनी देवयानी दीर्घिकेची जागा दाखवली. मला काहीच दिसेना. ते म्हणाले, "थेट पाहू नकोस, किंचित बाजूला नजर ठेव." कारण अंधूक प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या मध्यभागी नसून कडेला असतात. तसे करताच धूसर पुंजका दिसला. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश मी साध्या डोळ्यांनी पाहत होते.

त्या रात्री मनात आले, आजीची बंद दारे आणि मामेभावाचे धाडस ही एकाच अज्ञानाची दोन रूपे होती. जाणत्या माणसाच्या संगतीत भीतीची जागा सावधपणा घेतो. मंडळाने मला दिले ते हेच.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, अर्थात पावसाळी ढगांची मेहेरबानी झाली तर. मामेभावाला मी आताच आमंत्रण दिले आहे, आणि गव्हाची चाळण आजीने स्वतः काढून ठेवली आहे. वाचक मित्रमैत्रिणींनो, आपणही या; मात्र सूर्याकडे पाठ करून!